ढोल-पथकाच्या सादरीकरणाचा समारोप : लोकरंजन आणि रचनातत्त्व

गोषवारा

महाराष्ट्रात ढोल-ताशा पथक हा आज लोकप्रिय सामूहिक वाद्यप्रकार आहे. मिरवणूक, स्पर्धा, स्नेहसंमेलन आणि युवक महोत्सव अशा निरनिराळ्या ठिकाणी पथके वादन करतात. या वादनाचा शेवट श्रोत्यांची दाद मिळवणारा असावा, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. तथापि अशा शेवटाचा विचार बहुधा गती आणि आवाज या दोनच अंगांनी केला जातो. प्रस्तुत निबंधात पुण्याचे ढोल-ताशा पथक, केरळचे पंचारी मेळम्, दिल्लीतील बीटिंग रिट्रीट, अमेरिकेतील ड्रम कोअर आणि नंदुरबार जिल्ह्यातील काठी येथील राजवाडी होळी यांच्या समारोपांची तुलनात्मक समीक्षा केली आहे. श्रोत्याला मिळणारा आनंद हा मोठ्या आवाजाचा असण्यापेक्षा आरंभी दिलेल्या वचनाची फेड झाल्याचा असतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : ढोल-ताशा, समारोप, निर्वहण, यती, तिहाई, राजवाडी होळी, लोकरंजन.

१. प्रस्तावना

कोणत्याही प्रयोगकलेत शेवटाला विशेष महत्त्व असते. नाटकाचा पडदा, कीर्तनाची आरती, तमाशातील वगाचा शेवट किंवा मैफलीतील भैरवी यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या तुलनेत ढोल-पथकाच्या वादनाकडे समीक्षेचे लक्ष फारसे गेलेले नाही. पथकाविषयीची चर्चा प्रामुख्याने दोन टोकांना होते. एक टोक उत्साहाचे व संस्कृतिरक्षणाचे, तर दुसरे ध्वनिप्रदूषणाचे. या दोन्ही चर्चांत एक गोष्ट निसटते. ती म्हणजे पथकाचे वादन ही एक रचना आहे. तिला आरंभ, मध्य आणि अंत आहे आणि तिच्या गुणदोषांची चिकित्सा करता येते.

धानोरा व परिसरातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा विषय अधिकच निकटचा आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात ढोल हे वाद्य पथकांच्या फार आधीपासून नांदत आले आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी या समाजांत होळी, लग्न, देवकार्य या प्रसंगी ढोल वाजतो. याच समाजांतील मुले-मुली आज महाविद्यालयात आल्यावर पुण्याच्या धर्तीचे पथक उभारतात. म्हणजे एकाच विद्यार्थ्याच्या हाती दोन ढोल आहेत: एक वारशाने आलेला आणि दुसरा अनुकरणाने घेतलेला. या दोन ढोलांचे समारोप अगदी भिन्न आहेत. त्यांतील कोणता घ्यावा, कोणता टाकावा, की दोहोंतून काही वेगळे घडवावे, हा प्रश्न संमेलनापुरता मर्यादित नाही. आपल्या कलेचा शेवट कसा व्हावा हे कोण ठरवणार, असा तो प्रश्न आहे.

२. निबंधाची उद्दिष्टे

१) समारोपाच्या रचनेमागील भारतीय शास्त्रविचार थोडक्यात मांडणे.
२) निरनिराळ्या सामूहिक वाद्यपरंपरांतील समारोपांची तुलना करणे.
३) गती व आवाज यांवर आधारलेल्या समारोपाच्या मर्यादा दाखवणे.
४) महाविद्यालयीन पथकांना उपयुक्त ठरतील अशी काही रचनासूत्रे सुचवणे.

यासाठी वर्णनात्मक, तुलनात्मक आणि विश्लेषणात्मक पद्धतींचा अवलंब केला आहे.

३. समारोपाचा शास्त्रविचार : निर्वहण आणि यती

भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्यवस्तूचे पाच संधी सांगितले आहेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. मुखसंधीत पेरलेले बीज पुढे वाढते, मध्येच दिसेनासे होते, अडचणीत सापडते आणि निर्वहणात फलरूपाने प्रकट होते. आरंभी विखुरलेले धागे शेवटी एकत्र आणणे, हे निर्वहणाचे कार्य होय. निर्वहणात अद्भुत रसाची योजना करावी, असेही भरत सांगतो. या दोन सूचना एकत्र वाचल्या म्हणजे त्यांचे मर्म कळते. शेवट आश्चर्यकारक हवा, परंतु ते आश्चर्य बाहेरून आणलेले नसावे. आधीच पेरलेल्या बीजातून ते उगवावे. प्रेक्षकाला एकाच क्षणी ‘हे अपेक्षित नव्हते’ आणि ‘हे असेच व्हायला हवे होते’ असे वाटले पाहिजे.

तालशास्त्रातील यतीची कल्पनाही येथे उपयोगी पडते. लयीच्या वाटचालीला यती म्हणतात. समा यतीत लय एकसारखी राहते. स्रोतोगता यतीत ती विलंबिताकडून मध्य आणि मध्याकडून द्रुत अशी, नदीच्या प्रवाहाप्रमाणे वाढत जाते. गोपुच्छा यतीत याच्या उलट, द्रुताकडून विलंबिताकडे गती उतरते. आजची बहुतेक पथके आपल्या समारोपासाठी स्रोतोगता यतीच निवडतात. वादन वाढवत न्यायचे, गजर टिपेला पोहोचवायचा आणि एका दणक्यात थांबायचे. ही यती परिणामकारक आहे यात शंका नाही. परंतु प्रत्येक वेळी तीच निवडली गेली, तर ती केवळ सवय बनते आणि श्रोता तिच्यासाठी आधीच तयार होऊन बसतो.

अपेक्षा निर्माण करून ती पूर्ण करण्याचे सर्वांत नेमके भारतीय साधन म्हणजे तिहाई. एकच बोलसमूह तीनदा वाजवून शेवटचा आघात समेवर आणणे, हे तिचे रूप. तीनतालाच्या १६ मात्रांत पाच मात्रांचा बोल घेतला आणि मध्ये एकेक मात्रेचे दोन विराम ठेवले, तर ५+१+५+१+५ अशा १७ मात्रा होतात. पहिल्या समेवर उचललेली तिहाई पुढच्या समेवर बरोबर येऊन पडते. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत तर हिशेब आणखी सोपा आहे. तीन मात्रांचा बोल विराम न घेता तीनदा वाजवला की नऊ मात्रा होतात, आणि नववी मात्रा हीच पुढची सम होय. सामान्य श्रोत्याला हे गणित ठाऊक नसते. तरी दुसऱ्या आवर्तनाला त्याचे कान टवकारतात आणि तिसऱ्याला त्याचा हात आपोआप उचलला जातो. समेवर जी दाद येते ती आवाजाला मिळालेली नसते. श्रोत्याने स्वतः केलेल्या अंदाजाला ती मिळालेली असते.

४. पुण्याचे पथक : चालत्या मिरवणुकीचा प्रश्न

सार्वजनिक गणेशोत्सवाच्या मिरवणुकीशी पुण्याच्या पथकांचे नाते अतूट आहे. ज्ञान प्रबोधिनी आणि रमणबाग या शाळांच्या पथकांनी शिस्तबद्ध वादनाचा जो पायंडा पाडला, त्याचा विस्तार पुढे अनेक स्वतंत्र पथकांत झाला. कमरेला बांधलेला ढोल, एका बाजूला टिपरू व दुसऱ्या बाजूला हाताची थापी, गळ्यात अडकवलेला ताशा, त्याची तर्री, झांज, टोल आणि पुढे नाचणारे ध्वज ही पथकाची परिचित अंगे होत. पावसाळ्यात मुठेच्या पात्रालगत चालणारा सराव, मोठ्या संख्येने सहभागी होणाऱ्या मुली व महिला आणि नोकरी-शिक्षण सांभाळून येणारे वादक यांमुळे पथक ही एक सामाजिक संस्थाच बनली आहे.

या पथकाच्या समारोपापुढे एक मूलभूत अडचण आहे आणि ती कलावंताच्या कुवतीची नसून प्रसंगाची आहे. मिरवणुकीत पथक चालत असते आणि श्रोता बहुधा एका जागी उभा असतो. मंडईतील टिळक पुतळ्यापासून लक्ष्मी रस्त्याने टिळक चौकापर्यंत जाणाऱ्या मार्गावर उभ्या असलेल्या माणसाला पथकाच्या वादनाचा फक्त एक तुकडा ऐकू येतो. ज्याने आरंभ ऐकला त्याला अंत ऐकू येत नाही आणि ज्याने अंत ऐकला त्याला बीज ठाऊक नसते. म्हणून मिरवणुकीतील पथकाला प्रत्येक चौकात एक छोटा शेवट करावा लागतो. तो शेवट स्वयंपूर्ण असणे भाग असते. आधीच्या कशाचीही आठवण श्रोत्याकडून अपेक्षिता येत नाही. अशा वेळी गती आणि आवाज हीच साधने हाती उरतात, कारण त्यांना स्मरणाची गरज लागत नाही. चौकातला गजर वाढत जातो, ताशाच्या इशाऱ्यावर सारे ढोल एकदम थांबतात आणि ‘मोरया’ची आरोळी उठते. प्रसंगाच्या चौकटीत हा समारोप पूर्णतः योग्य आहे.

अडचण पुढे सुरू होते. ‘स्थिरवादन’ म्हणजे एका जागी उभे राहून, त्याच श्रोत्यांसमोर केलेले वादन, हा प्रकार जसजसा रूढ झाला आणि स्पर्धा व संमेलने वाढली, तसतसा चौकातला शेवट जसाच्या तसा व्यासपीठावर आणला गेला. येथे श्रोता पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत समोर असतो. त्याला स्मरण आहे, त्यामुळे त्याला वचन देता येते आणि ते फेडताही येते. असे असताना मिरवणुकीतला विस्मरणशील समारोप वापरणे म्हणजे हाती असलेले सर्वांत मोठे साधन टाकून देण्यासारखे आहे. स्थिरवादनाच्या अनेक प्रयोगांत तीन-चार ठिकाणी टिपेचा गजर होतो आणि अखेरचा गजर त्यांपैकीच एक वाटतो, याचे कारण हेच होय. श्रोता टाळी देतो, पण कार्यक्रम संपला की आणखी एक ठेका बाकी आहे, याबद्दल तो साशंक असतो.

५. आवाजाचे गणित

मोठा शेवट हवा म्हणून शेवटी जास्त ढोल वाजवावेत, ही समजूत ध्वनिशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. सारख्याच ताकदीच्या वाद्यांची संख्या दुप्पट केली तर ध्वनिपातळी केवळ सुमारे ३ डेसिबलने वाढते. माणसाच्या कानाला आवाज साधारण दुप्पट भासावा यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ लागते. म्हणजे वाद्यांची संख्या दसपट करावी लागेल. ५० ढोलांचे १०० ढोल केल्याने श्रोत्याच्या अनुभवात पडणारा फरक अल्पच असतो. याउलट, १०० ढोल क्षणभर थांबले आणि फक्त एक ताशा ऐकू आला, तर जो फरक पडतो तो प्रचंड असतो. तसेच दीर्घकाळ मोठा आवाज ऐकल्यावर कानाची संवेदनक्षमता काही काळ मंदावते. अर्थात आठ मिनिटे सतत पूर्ण ताकदीने वाजवणाऱ्या पथकाने नवव्या मिनिटाचा परिणाम आधीच खर्च केलेला असतो.

दुसरा मुद्दा अंतराचा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पथकाची रांग ३४ मीटर लांब पसरली असेल, तर एका टोकाचा आघात दुसऱ्या टोकाला सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा पोहोचतो. द्रुत लयीत सेकंदाला चार आघात पडत असतील, तर दोन आघातांतील अंतर पाव सेकंदाचे असते. म्हणजे हा उशीर त्या अंतराच्या चाळीस टक्के भरतो आणि कानाने ऐकून वाजवणाऱ्या वादकांचा शेवटचा आघात अपरिहार्यपणे फुटतो. अखेरच्या ठोक्यासाठी पथकाने जवळ यावे आणि ठोका ऐकून न देता प्रमुखाच्या हाताकडे पाहून द्यावा, हे अनुभवी पथकांचे संकेत या कारणाने शास्त्रशुद्ध ठरतात.

कायद्याचा संदर्भही येथे दुर्लक्षिता येत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय हरित लवादाच्या पश्चिम विभागीय खंडपीठाने पुण्यातील गणेशोत्सवासाठी एका पथकातील ढोल-ताशा-झांज वादकांची संख्या ३० पर्यंत मर्यादित केली. सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०२४ रोजी त्या निर्देशाला स्थगिती दिली. या वादात ‘३० की त्याहून अधिक’ हा प्रश्न अग्रभागी राहिला. रचनेच्या दृष्टीने पाहता, ३० वादकांतही उत्तम समारोप होऊ शकतो आणि ३०० वादकांतही तो फसू शकतो. संख्येची बाजू मांडणाऱ्यांनी आणि तिला विरोध करणाऱ्यांनीही संख्येलाच परिणामाचे माप मानले, ही या चर्चेतील उणीव होय.

६. तीन अन्य परंपरा

पथकाला पर्याय म्हणून नव्हे, तर समारोपाच्या शक्यता ध्यानात याव्यात म्हणून तीन परंपरांकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

पहिली परंपरा केरळच्या पंचारी मेळमची. चेंडा, इलत्ताळम्, कोंबू आणि कुळल या वाद्यांच्या मेळात पाच ‘कालम्’ असतात आणि त्यांच्या आवर्तनाची लांबी अनुक्रमे ९६, ४८, २४, १२ आणि ६ अशी निम्म्यानिम्म्याने घटत जाते. लय वाढते ती या घटत्या आवर्तनांच्या आधाराने. त्यामुळे जाणकार श्रोत्याला आपण शेवटापासून किती दूर आहोत हे कळत असते. पहिल्या, दीर्घ कालमात जी संथ प्रतीक्षा केलेली असते, तिच्यामुळे अखेरच्या सहा अक्षरकालांच्या आवर्तनाला धार येते. गर्दी हात उंचावून ताल धरते ती याच टप्प्यावर. येथेही शेवट द्रुत आहे, मोठा आहे. परंतु त्याची गती कमावलेली आहे. संथ आरंभ गाळून केवळ शेवटचा कालम् वाजवला तर तो परिणाम राहणार नाही.

दुसरी परंपरा दिल्लीच्या विजय चौकात दरवर्षी २९ जानेवारीला होणाऱ्या बीटिंग रिट्रीटची. तिन्ही सेनादलांची बँडपथके अनेक धून वाजवतात, बिगुलावर रिट्रीट होते, ध्वज उतरवले जातात आणि ‘सारे जहाँ से अच्छा’च्या सुरावर पथके रायसीना टेकडीच्या दिशेने परत फिरतात. मागे इमारतींवर दिवे उजळतात. हा समारोप श्रोत्यापासून दूर जाणारा आहे. आवाज ओसरत जातो आणि त्याची जागा प्रकाश घेतो. लयीचा काटेकोर हिशेब बाजूला ठेवला, तर गोपुच्छा यतीचा भाव येथे पाहावयास मिळतो. ‘एबाइड विथ मी’ ही धून २०२२ मध्ये या सोहळ्यातून वगळली गेली तेव्हा देशभर चर्चा झाली. त्या निर्णयाचे गुणदोष काहीही असोत, संपूर्ण सोहळ्यातील लोकांच्या मनात रुतून बसलेली धून ही शेवटाजवळची, संथ धून होती, हे येथे लक्षणीय आहे.

तिसरी परंपरा अमेरिकेतील ड्रम कोअरची. लष्करी बँडच्या मुळातून आलेल्या या प्रकारात पितळी वाद्ये, तालवाद्ये आणि ध्वजनृत्य करणारा गट मोठ्या मैदानावर साधारण बारा मिनिटांचा प्रयोग करतात. ड्रम कोअर इंटरनॅशनल या संस्थेची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये झाली. येथे श्रोता स्थिर असतो, त्यामुळे अखेरच्या भागाची स्वतंत्र रचना करण्याचे शास्त्रच तेथे विकसित झाले आहे. मैदानभर पसरलेले वादक एका सरळ ओळीत येऊन प्रेक्षकांच्या दिशेने चालून येणे, ही त्यांची जुनी आणि हमखास टाळी घेणारी युक्ती. तथापि लक्षात राहिलेले प्रयोग केवळ या युक्तीवर उभे नाहीत. फँटम रेजिमेंट या कोअरने २००८ मध्ये स्पार्टाकसच्या बंडाची कथा घेतली. तीत एकेक वादक ‘मीच स्पार्टाकस’ असे पुकारतो आणि त्यानंतर सारे वादन एकवटते. आरंभी दाखवलेल्या गुलामांच्या समूहाला शेवटी वाचा फुटते. म्हणून ती आरोळी गडगडाटापेक्षा अधिक भिडते. प्रेक्षकांचा लाडका ठरलेला हा प्रयोग अजिंक्यही ठरला, तोही शंभरपैकी केवळ ०.०२५ गुणांच्या फरकाने. उलट १९९३ मध्ये स्टार ऑफ इंडियानाचा ‘मीडिया’ हा कठोर, टाळीची मागणी न करणारा प्रयोग ०.१ गुणाने मागे पडला. प्रेक्षकांत त्याविषयी दुफळी होती. परंतु पुढील पिढ्यांच्या रचनाकारांनी तो आदराने अभ्यासला. लोकरंजन हे मूल्य आहे, परंतु ते एकमेव मूल्य नाही, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

७. काठीची होळी : फेडीचा समारोप

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळीची परंपरा इ. स. १२४६ पासूनची सांगितली जाते. सातपुड्याच्या कुशीतील या गावी महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातून आदिवासी बांधव मोठ्या संख्येने येतात. होळीसाठी उंच बांबूचा दांडा आणला जातो. गावोगावचे समूह आपापले ढोल घेऊन येतात. मोरपिसांचे टोप, अंगावर रेखलेली पांढरी नक्षी आणि कमरेला घुंगरू व भोपळे बांधलेले बावा-बुध्या रात्रभर नाचतात. यांपैकी अनेकांनी नवस केलेला असतो आणि त्यासाठी ते होळीआधी काही दिवस व्रत पाळतात. रात्रभर ढोल, पावा व घुंगरू यांचा नाद चालू राहतो आणि पहाटे होळी पेटवली जाते.

प्रयोगरचना म्हणून या रात्रीकडे पाहिले असता तीन गोष्टी ठळकपणे जाणवतात. पहिली, येथे एक सम नाही. अनेक गावांचे अनेक ढोल एकाच वेळी आपापल्या लयीत वाजतात. ध्वनीच्या पातळीवर कोणताही एक आघात सर्वांना एकत्र आणत नाही. त्यांना एकत्र आणतो तो अग्नी. दुसरी, समारोपाचा क्षण ढोल ठरवत नाही. तो पहाट ठरवते. वादक कितीही कुशल असला तरी त्याला सकाळ लवकर आणता येत नाही. ढोलाचे काम त्या क्षणापर्यंत सर्वांना जागे ठेवणे हे आहे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, या समारोपात खरोखर काहीतरी फिटते. ज्याने नवस बोलला, व्रत पाळले, रात्रभर नाचला, त्याचे ऋण फिटते. आपण शास्त्राच्या भाषेत ज्याला निर्वहण म्हणतो, ते येथे नवसफेडीच्या रूपाने प्रत्यक्ष जगले जाते. बीज हे मागे केलेल्या नवसात असते आणि फल पहाटेच्या ज्वाळेत.

येथे प्रेक्षक आणि कलावंत अशी काटेकोर विभागणी नाही, म्हणून ‘प्रेक्षकांना आवडणारा शेवट’ असा वेगळा प्रश्नच उद्भवत नाही, असा आक्षेप घेता येईल. तो अंशतः रास्त आहे. तथापि पहाटे होळी पेटते त्या क्षणी जमावातून उठणारा आनंदाचा कल्लोळ हा कोणत्याही रंगमंचीय दादेपेक्षा कमी नसतो. तो कल्लोळ आवाजाच्या वाढीतून आलेला नसून प्रतीक्षेच्या पूर्तीतून आलेला असतो. नंदुरबार शहरातील विसर्जन मिरवणुकीत मानाच्या दादा गणपती व बाबा गणपती यांच्या ‘हरिहर भेटी’ची लोक ज्या उत्कंठेने वाट पाहतात, तिची जातकुळीही हीच आहे. तेथेही समारोपाचे केंद्र वाद्य नसून भेट आहे आणि वाद्य त्या भेटीची वर्दी देते.

८. महाविद्यालयीन पथके : प्रश्न आणि सूत्रे

स्नेहसंमेलनात व युवक महोत्सवात प्रत्येक सादरीकरणाला मोजून काही मिनिटे मिळतात. होळीचा रात्रभराचा ढोल या मिनिटांत बसवताना सामान्यतः दोन मार्ग चोखाळले जातात. पहिला मार्ग म्हणजे होळीचे बाह्य रूप उचलणे: मोरपिसे, रंगवलेली शरीरे, कागदी ज्वाळा आणि शेवटी मनोरा. दुसरा मार्ग म्हणजे हा ढोल बाजूला ठेवून पुण्याचा गजर वाजवणे. पहिल्या मार्गात व्रताशिवाय वेष येतो. ज्या वेषामागे काही दिवसांचा नेम आणि बोललेला नवस आहे, तो टाळीसाठी घातला जातो आणि त्यामुळे समाजातील जाणत्यांचे मन दुखावते. दुसऱ्या मार्गात विद्यार्थी आपल्या घरच्या कलेला ‘स्पर्धेत न चालणारी’ ठरवून मोकळे होतात. दोन्ही मार्गांत खरी हानी एकच आहे. शेवट म्हणजे फेड, ही या भूमीतील समज हरवते.

यातून बाहेर पडण्यासाठी रूपाऐवजी तत्त्व घेणे, हा तिसरा मार्ग सुचवावासा वाटतो. त्या दृष्टीने पुढील सूत्रे विचारार्थ मांडली आहेत.

अ) बीज आधी पेरावे. वादनाच्या पहिल्या मिनिटात तीन मात्रांचा एखादा साधा बोल एकट्या ताशावर किंवा पाव्यावर वाजवावा. तो अपुरा सोडावा. समेवर आणू नये. मधल्या भागात तो एक-दोनदा अस्पष्ट डोकावावा. शेवटी तोच बोल सर्व ढोलांवर तिहाईच्या रूपाने येऊन समेवर पडावा. उत्तररंगाच्या अखेरीस कीर्तनकार पूर्वरंगातील मूळ अभंगाकडे परततो, तेव्हा श्रोत्यांना जे समाधान लाभते, तेच येथे अभिप्रेत आहे.

आ) एखादे साधन राखून ठेवावे. टोल, झांजांचा पूर्ण नाद किंवा ढोलाची पूर्ण ताकद यांपैकी एक गोष्ट शेवटापर्यंत वापरू नये. काठीला रात्रभर ढोल असतो, पण अग्नी नसतो. म्हणूनच अग्नीला किंमत येते.

इ) अखेरच्या तिहाईपूर्वी एक पूर्ण आवर्तन शांतता ठेवावी. मध्यलयीत सेकंदाला दोन मात्रा धरल्यास आठ मात्रांचे आवर्तन चार सेकंदांचे होते. रंगमंचावर चार सेकंद हा मोठा काळ आहे. नवख्या पथकाला त्याची भीती वाटते. परंतु श्रोत्यांना पुढे सरसावून बसवणारा याहून प्रभावी उपाय नाही.

ई) शेवटच्या आघातासाठी वादकांनी अर्धवर्तुळात निकट यावे आणि आघात प्रमुखाच्या हातावर द्यावा. आघातानंतर नाद विरेपर्यंत कोणीही हालू नये. ढोल उतरवण्याची घाई केल्याने अनेक चांगले शेवट वाया जातात.

उ) समारोप ढोलापलीकडे न्यावा. शेवटच्या आघाताने समाप्ती न करता त्या आघाताने दुसऱ्या कशाला तरी वाट करून द्यावी: एकाकी पाव्याचा सूर, मंद होत जाणारा प्रकाश किंवा रंगमंचावरून वाजवत दूर जाणारे पथक. परंतु हे दुसरे काही आरंभी सूचित केलेले असले पाहिजे, अन्यथा ते चमत्कृती होऊन बसेल.

या सूत्रांवर एक रास्त आक्षेप संभवतो. संमेलनातील श्रोता तरुण असतो, त्याला जल्लोष हवा असतो. शांतता आणि बीज यांत तो रमेल काय? याचे उत्तर असे की वरीलपैकी एकही सूत्र जल्लोषाच्या विरोधात नाही. तिहाई हा जल्लोषच आहे. पंचारी मेळमच्या गर्दीला किंवा काठीच्या जमावाला कोणी रुक्ष म्हणणार नाही. प्रश्न जल्लोष असावा की नसावा हा नसून, तो कमावलेला असावा की उसना, हा आहे. श्रोत्याला कमी लेखून रचलेला शेवट त्याला खूश करतो. त्याच्या स्मरणावर विश्वास ठेवून रचलेला शेवट त्याला सहभागी करून घेतो.

परीक्षकांच्या दृष्टीनेही या विषयाचा विचार व्हावा. गुणपत्रिकेत ऊर्जा, समन्वय, वेशभूषा अशा निकषांबरोबर ‘रचनेची एकात्मता’ हा निकष असेल, तर पथके आपोआप आरंभ आणि अंत यांच्या नात्याचा विचार करू लागतील. ज्याला गुण मिळतात त्याचाच सराव होतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

९. निष्कर्ष

१) ढोल-पथकाचा समारोप हा स्वतंत्र रचनाघटक असून त्याचा विचार आरंभाबरोबरच करणे आवश्यक आहे.

२) मिरवणुकीतील समारोप आणि स्थिरवादनातील समारोप यांची गरज भिन्न आहे. पहिल्यात श्रोत्याच्या स्मरणाचा उपयोग करता येत नाही, दुसऱ्यात तो करणे हेच रचनाकाराचे मुख्य सामर्थ्य होय.

३) वाद्यसंख्या आणि आवाज वाढवून मिळणारा परिणाम मर्यादित असतो. विराम आणि राखून ठेवलेले साधन यांतून मिळणारा परिणाम त्याहून मोठा असतो.

४) स्रोतोगता यतीबरोबरच गोपुच्छा यतीचा, म्हणजे ओसरत जाणाऱ्या समारोपाचा, पथकांनी प्रयोग करून पाहण्यास भरपूर वाव आहे.

५) काठीच्या होळीत समारोप हा नवसफेडीच्या रूपाने येतो. या परंपरेचा वेष रंगमंचावर आणण्यापेक्षा तिचे तत्त्व आणणे हे कलेच्या आणि समाजाच्या दोन्ही दृष्टींनी अधिक उचित आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेल्या विद्यार्थ्याला शेवट कसा करावा हे शिकण्यासाठी केवळ पुण्याकडे पाहण्याचे कारण नाही. पुण्याकडून त्याने शिस्त जरूर घ्यावी, केरळकडून हिशेब घ्यावा. पण ढोल कशासाठी वाजतो आणि तो कोणत्या क्षणी थांबला पाहिजे, याचे ज्ञान त्याच्या घरातच आहे. ते ज्ञान असलेली माणसे अद्याप दरवर्षी होळीला रात्रभर जागतात. महाविद्यालयीन पथकांनी आपल्या तालमीला एकदा तरी त्यांना सन्मानाने बोलवावे आणि शेवट बांधण्यापूर्वी त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे.